गुरुवारी टोचलेली सुई

सोमवार, ९ सप्टेंबर २०१९, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. खिडकीखालच्या बसथांब्यावर परवापर्यंत अर्ध्या चड्डीत उभी राहणारी माणसे आज हुडीत हात खुपसून उभी आहेत. पार्किंगच्या कडेच्या मेपलची एकच फांदी, उरलेल्या झाडाला न विचारता, लाल झाली आहे. आणि फोनवर माझ्या नौदल युनिटचा मेल आला आहे : नव्या वर्षात दक्षिणेच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजावर एका अधिकाऱ्याची जागा आहे, इच्छा असल्यास होकार कळवावा, सोबत पूर्वतपासणीची यादी जोडली आहे.

मेलचा आरंभ वाचताना माझी पाठ आपोआप ताठ झाली. शेवट वाचताना उजव्या हाताने डावा हात धरला गेला, कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला. तिथे आता काहीही नाही. तरीही सप्टेंबरची हवा बदलली की ती जागा मला आठवते, जसा काहींना थंडी पडताच एकदा मोडलेला गुडघा आठवतो.

मी पूर्णवेळ खलाशी नाही, हे आधी सांगायला हवे. आठवड्याचे पाच दिवस मी एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव वाढवते, मारते आणि मोजते. एक संध्याकाळ, काही शनिवार-रविवार आणि बहुतेक सगळे उन्हाळे मी नौदलाच्या राखीव दलात अधिकारी असते. टोरोंटोत सरोवराकाठी आमचे युनिट आहे. बँकेत काम करणारे, शाळेत शिकवणारे, ट्रक चालवणारे लोक तिथे संध्याकाळी येतात, जॅकेट काढून गणवेश चढवतात आणि गाठी बांधणे, नकाशा वाचणे, आग विझवणे शिकतात. ओल्या लोकरीचा, बूट-पॉलिशचा आणि जळक्या कॉफीचा तिथला वास मला प्रयोगशाळेतल्या जंतू वाढवायच्या अगार-जेलीच्या वासाइतकाच प्रिय आहे. फक्त एक गोष्ट तिथे नाही, ती म्हणजे समुद्र. तो विमानाने दोन तासांवर, हॅलिफॅक्सला असतो.

मला मात्र समुद्रच हवा होता. जहाज जिथून चालवतात त्या काचांच्या खोलीला ब्रिज म्हणतात. रात्री बाकीचे सगळे झोपलेले असताना त्या खोलीत उभे राहून जहाजाची जबाबदारी एकटीने घेण्याचा एक परवाना असतो. पुस्तके पाठ करून तो मिळत नाही. त्यासाठी समुद्रावर काढलेले दिवस लागतात, आणि राखीव अधिकाऱ्याला ते दिवस मोहिमेतच मिळतात. २०१६ च्या शरदात अशा एका मोहिमेवर मला एक बंक, म्हणजे जहाजावर झोपण्याची जागा, मिळाला होता : कॅरिबियन समुद्र, अमली पदार्थांच्या चोरट्या बोटींवर पाळत, हिवाळ्याच्या तोंडाशी परत. अट एकच होती. संगणकाच्या पडद्यावर माझ्या नावापुढे असलेले सगळे चौकोन सप्टेंबर संपेपर्यंत हिरवे व्हायला हवे होते. एक जरी लाल राहिला तर बंक दुसऱ्याचा.

दात, डोळे, कान, रक्तगट, लसी, पासपोर्ट, मृत्युपत्र, गॅस मास्कच्या आत बसवायचा चष्मा, पाद्रेंची मुलाखत : असे ते चौकोन होते. त्यांतला एकही कठीण नव्हता. ही सगळी व्यवस्था ज्याने रचली, त्याच्या डोळ्यांसमोर तळावर राहणारा, सकाळी उठून दोन इमारती ओलांडून क्लिनिकमध्ये जाणारा पूर्णवेळ खलाशी होता. मिसिसागातल्या आईवडिलांच्या घराच्या बेसमेंटमधून निघून, आधी कम्यूटर ट्रेन, मग सबवे, मग बस पकडून तिथे पोहोचणारी आणि दुपारपर्यंत प्रयोगशाळेत परतायची असलेली मुलगी त्याच्या कल्पनेत आलीच नव्हती.

आमचे हे सारे कागद पाहायचा पेटी ऑफिसर डॉयल. न्यूफाउंडलंडचा, साठीकडे झुकलेला. हुद्द्याने माझ्या खाली होता, म्हणून मला ‘मॅम’ म्हणायचा. वागवायचा मात्र पुतणीसारखे.

“डॉयल, हे वर्तुळ आहे,” मी त्याला म्हटले. “प्रयोगशाळेला रजा द्यायला करारपत्र हवं. करारपत्राला सगळं हिरवं हवं. हिरवं व्हायला दिवसा क्लिनिकला जायला हवं. आणि दिवसा जायला रजा हवी.”

“वर्तुळ कसलं, मॅम, नांगराची साखळी आहे. एक कडी ओढा, सगळ्या वर येतात.”

“पहिली कडी कुठली?”

“ती पाण्याखाली असते, मॅम.”

तो हसला आणि त्याने मला एक बिस्कीट दिले. त्या महिन्यात मला नौदलाकडून वेळेवर मिळालेली ती एकमेव गोष्ट.

घरी वेगळीच आघाडी उघडलेली होती. माझी मम्मी वसईची. मी नऊ वर्षांची असताना आम्ही इकडे आलो, पण संकट आले की ती अजून वसईच्या आवाजात बोलते.

“मृत्युपत्र? पंचविसाव्या वर्षी?”

“सगळ्यांनाच करावं लागतं, मम्मी.”

“आणि तुझ्याकडे आहे काय गो, लिहून द्यायला?”

“सायकल. आणि विंटर टायर्स.”

“गाडी तर विकलीस!”

“टायर राहिलेत ना गॅरेजमध्ये.”

“मग मार्कच्या नावाने लिही. भावाला कळेल तरी, घरात टायर आहेत ते.” तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावली आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला.

पाद्रे म्हणजे नौदलातले धर्मगुरू. आमच्या पाद्रे निघाल्या हिरव्या कार्डिगनमधल्या एक हसऱ्या बाई. त्यांनी विचारले, तुम्ही नसताना तुमच्यावर अवलंबून असलेल्यांची सोय काय? मी म्हटले, माझ्यावर फक्त यीस्ट अवलंबून आहे, आणि त्याला साखर घालायला शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तयार आहे. त्या खळखळून हसल्या आणि तिथल्या तिथे सही करून मोकळ्या झाल्या. घरी सांगितले तर मम्मीने चमचा खाली ठेवला. “बाई? बाई फादर? मग कन्फेशन कोणाकडे करणार तू, तीन महिने?” मी म्हटले, जहाजावर पाप करायला जागाच नसते. “जागा लागत नाही त्याला,” मम्मी म्हणाली.

चौकोन एकेक करून हिरवे होत होते. सरोवरावरून कॅनडा गीझचे थवे बोंबलत दक्षिणेकडे निघाले होते आणि मला त्यांचा मनस्वी हेवा वाटत होता. त्यांना कोणी दातांचा एक्स-रे मागत नव्हते. दुकानांच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागले होते. संध्याकाळी रस्त्यात सफरचंदांचा आणि कुजत्या पानांचा मिसळलेला गोड वास यायचा. एरवी मला हा ऋतू फार आवडतो. त्या वर्षी तो मी बहुतांशी प्रतीक्षाकक्षांच्या खिडक्यांतून पाहिला.

शेवटी उरली क्षयाची चाचणी. कोपराखालच्या त्वचेत एका प्रथिनाचा थेंब टोचतात. शरीराची क्षयाच्या जंतूंशी पूर्वी गाठ पडली असेल तर तिथे टणक फुगवटा येतो. तो अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांच्या आत मोजावा लागतो. नंतर मोजलेला आकडा निरर्थक. दहा मिलिमीटरच्या खाली असला तर प्रश्न मिटला. त्यात एक मेख अशी की लहानपणी क्षयाविरुद्धची बीसीजी लस घेतलेल्या माणसाचा हातही फुगू शकतो. माझ्या दंडावर त्या लशीचा वण आहे, भारतात जन्मलेल्या माझ्या वयाच्या जवळपास प्रत्येकाच्या दंडावर असतो तसा. युनिटमधल्या कुणाच्याही दंडावर तो नव्हता. सस्कॅचेवान प्रांतातली केली नावाची मुलगी माझ्या शेजारी गणवेश बदलायची. तिने पहिल्याच दिवशी वण पाहून विचारले होते, “गोळी लागली होती का तुला?” मी हो म्हटले. तिने एक आठवडाभर मला फार आदराने वागवले.

ही चाचणी मी विद्यार्थ्यांना शिकवलेली आहे. म्हणून क्लिनिकमधल्या नर्सबाईंनी सुई हातात घेतली तेव्हा मी म्हटले, “आज गुरुवार आहे.”

“हो, हनी.”

“म्हणजे मोजायचं शनिवारी, फार तर रविवारी सकाळी. तेव्हा तुम्ही बंद असता.”

“ड्युटी मेडिक असतो ना. घंटा वाजव.”

“सोमवारी टोचता येणार नाही का?”

“सोमवार-मंगळवार रेग्युलर लोकांचे. रिझर्व्हिस्टसाठी गुरुवार.”

नंतर कळले की हा गुरुवार कुणीतरी सद्भावनेने ठेवला होता : राखीव लोक शनिवार-रविवारच्या प्रशिक्षणासाठी येतातच, तर त्याला लागूनच त्यांच्या तपासण्याही उरकाव्यात. त्या सद्भावनेला फक्त एक सुई आडवी गेली होती, आणि ती माझ्या हातात घुसत होती. नकार दिला असता तर पुढची वेळ दोन आठवड्यांनी. मी हात पुढे केला.

शनिवारी मी घंटा वाजवली. वारा सुटला होता. रिकाम्या पार्किंगमध्ये कॉफीचा एक कागदी कप गडगडत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. बऱ्याच वेळाने ड्युटी मेडिक दार उघडून आला, हातात अर्धा बेगल पाव.

“टाके घालू शकतो,” तो म्हणाला, “हाड बसवू शकतो. हे वाचायचं सर्टिफिकेट नाही माझ्याकडे.”

“नुसतं बघा तरी.”

त्याने पाहिले. “मला तर ठीक दिसतंय.”

“लिहून देता?”

“नाही.” त्याने अगदी मनापासून सॉरी म्हटले आणि दार लावून घेतले.

घरी आल्यावर मी स्वतः मोजले. बॉलपेन त्वचेवरून हलकेच सरकवत न्यायचे. फुगवट्याच्या कडेला ते अडते, तिथे खूण. दुसऱ्या बाजूने तसेच. मधले अंतर कॅलिपरने मोजायचे. आठ मिलिमीटर. मी हात, कॅलिपर आणि घड्याळ यांचा एकत्र फोटो काढला. मम्मी टेबलापलीकडून बघत होती.

“दुखतं का, बाय?”

“नाही गं. उलट छान आहे. आठ आहे.”

“आठ चांगले असतात?”

“दहाच्या खाली सगळेच चांगले.”

सोमवारी नर्सबाईंनी फोटो पाहिला, मान डोलावली आणि परत दिला. स्वतःचे वाचन स्वतः करता येत नाही. इथे मला नियमाची बाजू मांडलीच पाहिजे : नियम योग्य आहे. ज्याला निष्कर्ष हवा आहे त्याने माप घेऊ नये, हे मीच माझ्या प्रयोगशाळेत इतरांना सुनावते. लशीचा पुरावा म्हणून मी माझे बालपणीचे लसीकरण कार्ड दिले. ते मराठीत होते. भाषांतर हवे, पण मी केलेले चालणार नाही. मम्मी म्हणाली, मी करून देते. नातलगाचेही चालणार नाही. त्या दिवशी बसच्या मागच्या बाकावर बसून मी विचार करत होते की माझ्याविषयी साक्ष द्यायला सर्वांत अपात्र अशी व्यक्ती या देशात कोण असेल, तर ती मी. आणि त्या खालोखाल, जिने मला जन्म दिला ती.

म्हणून चाचणी पुन्हा. डॉयलने कुठेकुठे फोन करून माझ्यासाठी एक मंगळवार मिळवला, आणि तो मिळाल्यावर मला भीती वाटली. कारण पहिली सुई शरीराला जुनी ओळख आठवून देते; काही दिवसांनी दुसरी टोचली की शरीर अधिक मोठ्याने उत्तर देते. हे पाठ्यपुस्तकात आहे. मी ते नर्सबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “ते डॉक्टर बघतील, हनी.”

यावेळी सर्टिफिकेट असलेल्या माणसाने, योग्य वेळेत, योग्य पद्धतीने माप घेतले. तेरा.

पडद्यावर माझ्या नावापुढचा चौकोन लाल झाला. मोजायला माणूस नव्हता म्हणून दुसरी सुई, आणि बहुधा दुसऱ्या सुईमुळे तेरा. मी हे डॉक्टरांना मांडून दाखवले, अगदी फळ्यावर मांडावे तसे. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, “तुमचंच बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. पण जहाज म्हणजे बंद लोखंडी डबा. चाळीस माणसं एकच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतात. ‘बहुधा’ एवढ्यावर मी तुम्हाला पाठवू?”

मी त्यांच्या जागी असते तर मीही पाठवले नसते. त्या सबंध सप्टेंबरातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच आहे, आणि तीन वर्षांनीही तिच्यावर मला तोडगा सापडलेला नाही : मला एकही मूर्ख भेटला नाही. नर्सबाईंचे बरोबर होते, मेडिकचे बरोबर होते, डॉक्टरांचे तर फारच बरोबर होते. प्रत्येक पायरी तर्कशुद्ध, आणि जिना भिंतीत जाऊन संपतो. निदान एखादा खलनायक असता तर रागाला पत्ता मिळाला असता.

छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. लस आणि खरा संसर्ग यांत फरक करणारी एक रक्तचाचणी असते. तिच्यासाठी रक्त काढून पाठवले गेले. मग वाट पाहणे. याच दिवसांत एका संध्याकाळी मम्मी फुगे तळत होती. वसईकडे सणाला करतात ते, मैद्याचे, गोल. कढईकडे पाहतच ती म्हणाली, “मीच नेलं होतं ना तुला, ती लस टोचायला.”

“सगळ्या आयांनी नेलं, मम्मी.”

“तुझे आजोबा तेव्हा घरात खोकत होते. डॉक्टरने त्यांचं निदान केलं आणि दुसऱ्या दिवशी तुला पदरात घेऊन मी दवाखान्याच्या रांगेत. नसतं नेलं, तर आज तुझा हात सुजला नसता ना?”

मी उठून गॅस बारीक केला. आजोबांना क्षय होता हे मला कुणी कधी सांगितले नव्हते. आता तेरा या आकड्याचे दोन अर्थ झाले होते आणि त्यांतला एक डॉक्टरांना मांडून दाखवलेल्या माझ्या हिशेबात नव्हता. “नसतं नेलं,” मी म्हटले, “तर कदाचित हात मोजायला मी नसतेच.” तिने फुगा उलटला. “मग चांगलं केलं म्हणायचं?” “फार चांगलं केलंस.” त्यानंतर वाट पाहण्याला वेगळेच वजन आले. आधी मला बंक हवा होता म्हणून अहवाल हवा होता. आता अहवाल अहवाल म्हणूनही हवा होता.

सप्टेंबर संपला त्या दुपारी डॉयलचा फोन आला. “मॅम, बसलेल्या आहात का?”

“उभी आहे. सांगा.”

“सगळं हिरवं आहे. ख्रिसमसच्या झाडासारख्या दिसताय. फक्त शेंड्यावर एक लाल दिवा.” मग तो म्हणाला, “बंक हॅमिल्टनच्या युनिटमधल्या लेफ्टनंटला गेला. मी भांडलो, मॅम. देवाशपथ भांडलो.”

अहवाल पुढच्या आठवड्यात आला. संसर्ग नाही. आजोबांच्या खोकल्यामध्ये आणि माझ्यामध्ये मम्मीची ती रांग उभी राहिली होती, असे लिहायचा मोह होतो. एका नमुन्यावरून असा निष्कर्ष काढू नये, हे मला ठाऊक आहे. मम्मीसमोर मात्र मी तो निःसंकोच काढला. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सबंध पॅरिशला तिने सांगितले की माझ्या मुलीचे रक्त नौदलाने तपासले, एकदम स्वच्छ. डॉयलने मला पूर्ण हिरव्या पडद्याचा फोटो पाठवला. जहाज तोवर दारूगोळा भरून घेत होते.

आज सकाळचा मेल पुन्हा उघडते. डॉयल निवृत्त झाला. आता त्याच्या जागी मेलचा एक सामायिक पत्ता आहे, ज्याला नाव नाही आणि बिस्किटेही नाहीत. यादी तीच. क्षयाच्या चाचणीच्या ओळीपुढे लिहिले आहे : मुदत उलटली. एकदा तेरा आल्यावर ही चाचणी परत करायची नसते, हेही पाठ्यपुस्तकात आहे. मी होकार लिहिला. रक्तचाचणीचा जुना अहवाल जोडला. लसीकरण कार्डाचे अधिकृत भाषांतरही जोडले, ते मी त्याच हिवाळ्यात, कुणी मागण्याआधी, एका परक्या माणसाकडून करून घेतले होते. शेवटी विनंती केली की सुई टाळता आली तर उत्तम. अगदीच टाळता येत नसेल, तर वेळ सोमवारची मिळावी.

कॉफी गार होण्याआधी उत्तर आले : आपली विनंती पुढे पाठवली आहे, दरम्यान आपल्यासाठी गुरुवार राखून ठेवला आहे.

मी मोठ्याने हसले. मग बाही वर केली आणि उजेडात हात फिरवून पाहिला, उगीचच. तीन वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरातही मी असेच पाहत असे. तेरानंतर रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरले की आधी हात मोजायचा आणि आकडा फोनमध्ये लिहायचा, अशी सवय लागली होती. कुणीही मागितले नव्हते, कुठेही ते ग्राह्य धरले जाणार नव्हते. आकडे खाली येत गेले. मग एका सकाळी युनिटमधल्या केलीने हॅलिफॅक्सच्या धक्क्यावरून फोटो पाठवला : राखाडी जहाज, दोर सुटलेले, ब्रिजच्या काचांवर ऊन, काचांमागे कुणीतरी उभे. मी फोटो पाहिला, फोन टेबलावर ठेवला, बाही वर केली. बॉलपेन कोपरापासून मनगटापर्यंत नेले; ते कुठेच अडले नाही. उलट दिशेने नेले. खात्रीसाठी तिसऱ्यांदाही नेले. मग कॅलिपर मिटवला आणि शेवटची नोंद केली : ० मि.मी.